७५ टक्क्यांपलीकडची उपस्थिती

'उपस्थिती' हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. ७५ टक्के, डिटेन्शनची यादी, एचओडींच्या केबिनबाहेरची रांग आणि "सर, या वेळी तेवढं सांभाळून घ्या..." हे सगळं डोळ्यांसमोरून जातं. खरं सांगायचं तर या विषयात आपल्याइतका अनुभव कुणालाच नसेल. शरीर तिसऱ्या बाकावर आणि मन कॅन्टीनमध्ये, हा उपस्थितीचा एक प्रकार. शरीर कॅन्टीनमध्ये आणि नाव मस्टरवर, हा दुसरा. त्याला आपण प्रेमाने 'प्रॉक्सी' म्हणतो.

आज मी लिहितोय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. शरीर धाराशिवच्या आपल्या लॅबमध्ये, डोळ्यांवर हेडसेट आणि माणूस भलतीकडेच! व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत, म्हणजे व्हीआरमध्ये, 'आपण तिथे आहोत' असं जे वाटतं त्याला या क्षेत्रातले लोक 'प्रेझेन्स' म्हणतात. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९८० मध्ये 'टेलिप्रेझेन्स' या नावाचा लेख लिहिला, तेव्हापासून यावर चर्चा चालू आहे. चर्चा बहुतेक प्रयोगशाळांमध्ये होते. ज्यांच्या डोळ्यांवर शेवटी हा डबा चढणार, त्या साध्या माणसांना मात्र फारसं कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'तुम्ही तिथे आहात असं किती वाटलं? १ ते ७ पैकी एक आकडा निवडा' असं विचारतात. माझं म्हणणं असं आहे की आपली साधी माणसं या विषयातलं आपल्यापेक्षा जास्त जाणतात. फक्त ती आकड्यांत बोलत नाहीत.

हे मला कळलं ते आमच्या स्टॉलवर.

कॉलेजच्या टेक्निकल फेस्टमध्ये आम्ही चौघांनी व्हीआरचा स्टॉल लावला होता. हेडसेट उसना आणलेला. दृश्य साधंच होतं. उंच इमारतीच्या गच्चीवरून एक फळी बाहेर आलेली, खाली रस्ता, आणि त्या फळीवरून चालत टोकापर्यंत जायचं. यात आम्ही एक युक्ती केली होती. वर्कशॉपमधून दीड इंच जाडीची एक खरी फळी आणून जमिनीवर ठेवली. ही कल्पना आमची नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात चॅपल हिल इथे संशोधकांनी माणसांना अशाच एका खोल खड्ड्याच्या काठावर उभं केलं होतं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. २००२ साली त्यांनी ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. खड्डा दिसला की ठोके वाढत. पायाखाली दीड इंच उंचीची खरी लाकडी कड ठेवली की आणखी वाढत. कड दीड इंचाचीच, पण डोळ्यांनी सांगितलेल्या गोष्टीला पायाने दुजोरा दिला की प्रकरण हाताबाहेर जातं!

पोरं आली, ओरडली, व्हिडिओ काढून गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुपारनंतर मात्र गर्दी ओसरली आणि वेगळी माणसं आली.

पहिले आले आमच्या विभागातले शिपाई मामा. दोन पावलं चालले आणि थांबले. मी म्हटलं, "मामा, खाली फरशी आहे. चला बिनधास्त." मामा म्हणाले, "फरशी हाय ते डोक्याला कळतंय रे. पायाला कोण सांगणार?"

दुसऱ्या आल्या कॅन्टीनमधल्या मावशी. त्यांना फळीवर चढायचं नव्हतं, म्हणून आम्ही त्यांना समुद्राखालचं दृश्य लावून दिलं. एक भलामोठा मासा अगदी तोंडासमोरून जातो. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला आणि हसल्या. मी छापील प्रश्न टाकला, "तुम्ही समुद्रात आहात असं वाटलं का?" त्या म्हणाल्या, "मी कशाला जातीय समुद्रात? मी हितंच हुते. मासा आला की माझ्याजवळ!"

तिसरे होते एका फर्स्ट इयरच्या मुलाचे वडील. कळंबकडचे शेतकरी. ते फळीवर शांतपणे टोकापर्यंत गेले, खाली बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि हेडसेट काढून माझ्या हातात दिला. "कसं वाटलं काका?" तर म्हणाले, "शहर चांगलं केलंय. पण रिकामं हाय. एवढा येळ उभा हाय, कुणी इचारलं न्हाई कोण पाव्हणं म्हून."

आम्ही तेव्हा हसलो. रात्री होस्टेलवर वाचत बसलो तेव्हा हसू गेलं. मॅथ्यू लोम्बार्ड आणि थेरेसा डिटन या दोघांनी १९९७ मध्ये प्रेझेन्सवर एक निबंध लिहिला. तो या विषयात अजूनही वाचला जातो. त्यात 'तिकडे गेल्याचा' जो अनुभव असतो त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. तू तिथे गेलास, ते इथे आलं, आणि आपण एकत्र आहोत. मामांचा पाय तिथे गेला होता. मावशींकडे मासा इथे आला होता. आणि काकांची तक्रार होती की 'आपण एकत्र' हे काही जमलं नाही. विद्वानांच्या निबंधातला हा तक्ता एका दुपारी एक शिपाई, एक स्वयंपाकीण आणि एक शेतकरी मिळून सांगून गेले. आणि आम्ही त्यांच्यापुढे १ ते ७ चा कागद धरून बसलो होतो!

आता तुम्ही म्हणाल, हा योगायोग असेल. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे की साध्या माणसाला नवं तंत्र दाखवलं की तो फसतो. सिनेमाच्या सुरुवातीची ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. लुमिए बंधूंच्या पडद्यावर आगगाडी आली आणि ती अंगावर येईल म्हणून प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले. याच लुमिए बंधूंची चलचित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईला वॉटसन हॉटेलमध्येही दाखवली गेली. पण सिनेमाच्या अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या पळापळीचा त्या काळातला भक्कम पुरावा काही सापडला नाही. लोक दचकले असतील, ओरडलेही असतील. पण गाडी खरी आहे असं मानून पळाले, ही बहुधा नंतर रचलेली कथा. 'बघा, अडाणी लोक कसे फसले' ही गोष्ट सांगायला शहाण्या लोकांना आवडते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं. माझे वडील सांगतात, गल्लीत टीव्ही एकाच घरी होता. बाया आंघोळ करून यायच्या, टीव्हीला हार घालायच्या, उदबत्ती लावायच्या. त्या काळात देशभर असंच चाललं होतं. त्या बायांना काय असं वाटत होतं, की डब्यात राम बसलाय? अजिबात नाही. मालिका संपली की त्याच बाया टीव्हीवर कापड टाकायच्या आणि चुलीवरचा भात बघायला पळायच्या. त्यांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक होत्या. हा डबा आहे, आणि आत्ता समोर राम आहे.

आपण तर तुळजापूरपासून तासाभराच्याही आत राहतो. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. याला मंचकी निद्रा म्हणतात. त्या दिवसांत कुणालाही विचारा, "देवी झोपलेली आहे" असंच उत्तर येईल. मूर्ती पाषाणाची आहे हे त्या माणसाला माहीत नसतं का? असतं. पण म्हणून 'देवी झोपली' हे त्याच्या लेखी खोटं ठरत नाही. करोनात २०२० चं नवरात्र आलं तेव्हा मंदिर भाविकांसाठी बंद होतं. आमच्या घरी मोबाईलवर दर्शन लावलं. आजीने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि मग म्हणाली, "मला ती दिसली. पण तिला मी कुठं दिसले?"

इथे मी देवाची आणि गेमची तुलना करत नाही. रागावू नका. मी फक्त भाषेकडे बघतोय. 'तिला मी दिसले का' हा प्रश्न किती नेमका आहे बघा. मेल स्लेटर नावाचे एक मोठे संशोधक आहेत. त्यांनी २००९ मध्ये असं मांडलं की प्रेझेन्समध्ये दोन वेगवेगळे भास असतात. एक, मी त्या जागी आहे. दुसरा, इथे जे घडतंय ते खरंच घडतंय. पहिला भास डोळे आणि मान यांच्या जुळणीतून येतो. मान वळवली की चित्र लगेच वळलं पाहिजे. उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या वर गेला की मेंदूला शंका येते आणि पोटात ढवळायला लागतं. दुसरा भास मात्र त्या जगाने तुमची दखल घेतली तर येतो. समोरचा माणूस तुमच्याकडे बघतो का, तुम्ही बोललात तर थांबतो का. स्लेटर असंही म्हणतात की भास होत असताना माणसाला तो भास आहे हे पक्कं ठाऊक असतं. म्हणजे मामांचंच वाक्य झालं. डोक्याला कळतंय, पायाला कोण सांगणार!

म्हणूनच 'आभासी वास्तव' हा जो मराठी प्रतिशब्द आपल्या माथी मारलेला आहे, तो मला पटत नाही. त्यात पहिल्याच शब्दात 'खोटं आहे' असा निकाल लागतो. आमच्या स्टॉलवर आलेल्या एकाही माणसाने 'आभासी' हा शब्द वापरला नाही. ती म्हणाली, "गेल्यासारखं झालं", "अंगावर आलं", "जवळ आलं". खरं की खोटं हा त्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रश्न होता, मी कुठे होतो आणि तिथे माझं कोण होतं?

इथपर्यंतचं सगळं मजेचं होतं. आता जे सांगायचंय ते सांगायला मला थोडं जड जातंय.

फेस्टनंतर आम्ही ठरवलं की फायनल इयरचा प्रोजेक्ट व्हीआरमध्येच करायचा. सिव्हिलचा एक मित्र बरोबर घेतला. विषय भूकंपरोधक बांधकाम. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं हे इथे कुणाला सांगायला नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ते झोपलेल्या माणसांवर आलं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. आमचा प्रोजेक्ट असा होता की माळवदाचं एक जुनं घर उभं करायचं, बघणाऱ्याला त्यात उभं करायचं आणि एक बटण दाबलं की घर हलून कोसळताना दाखवायचं. भिंत कुठे फुटते, तुळई कुठून निसटते, सगळं. व्हायवाला एक्स्टर्नल खूश होणार याची आम्हाला खात्री होती.

घर कुणाचं दाखवायचं? माझ्या आजीचंच. तिचं गाव सास्तूरच्या बाजूला. आता जुन्या गावठाणात बाभळी उगवल्या आहेत आणि लोक नव्या गावात सरळ रेषेतल्या घरांत राहतात. मी तिच्याकडून महिनाभर विचारून घेतलं. ओसरी केवढी, देवळ्या किती, चूल कुठे, दार कुठल्या दिशेला. तिला वाटलं नातवाला कौतुक आहे. बटणाचं मी तिला सांगितलं नव्हतं.

घर तयार झालं तेव्हा, बटण बाजूला ठेवून, नुसतं घर तिला दाखवावं म्हणून मी हेडसेट घरी नेला. तिला खुर्चीत बसवणार होतो, पण ती म्हणाली, "घरात काय बसून जातेत व्हय?" मग उभी राहिली. मी तिचा हात धरला. ती दोन पावलं पुढे गेली आणि एकदम वाकली.

मला कळेना काय झालं. मग लॅपटॉपच्या पडद्यावर बघितलं. ती दारात होती. जुन्या घराचं दार ठेंगणं होतं. तिनेच मला माप सांगितलं होतं आणि मी ते तसंच टाकलं होतं. आमच्या आत्ताच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, माझी आजी तीस वर्षांपूर्वी पडलेल्या दारातून वाकून आत गेली. हृदयाचे ठोके मोजायची मला गरज उरली नाही.

आत गेल्यावर तिने देवळीकडे हात नेला. हात आरपार गेला. ती काही बोलली नाही. चुलीकडे बघितलं. मग डावीकडच्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. म्हणाली, "हितं वाकळ असायची." तेवढ्यात हेडसेटची बॅटरी संपत आल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "झालं आजी," आणि हेडसेट काढून घेतला.

तिने माझा हात झटकला. पंखा, टीव्ही, सोफा यांच्याकडे कुठल्यातरी भलत्याच घरात आल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, "असं घरातनं उचलून नेऊ नये बाबा. एकदा नेलंय."

रात्री वडिलांनी सांगितलं. त्या कोपऱ्यात वाकळीवर माझी आत्या झोपायची. त्या पहाटे ती गेली. सात वर्षांची होती. हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षी कळलं. महिनाभर घराची मापं घेताना मी कुठला कोपरा किती फूट हे विचारलं, त्यात कोण असायचं हे विचारलं नाही.

ते बटण मी त्याच रात्री काढून टाकलं. प्रोजेक्ट नंतर वेगळ्या पद्धतीने केला. कोसळणं एका छोट्या मॉडेलवर, बाहेरून बघता येईल असं दाखवलं. मार्क थोडे कमी पडले असतील. पडू देत.

पण मी शिकलो ते हे, की प्रेझेन्सचा चौथाही एक भाग आहे. परत येणं. आपण इंजिनिअर मंडळी माणसाला आत कसं घालायचं याचा विचार करतो. फ्रेमरेट, रिझोल्यूशन, ट्रॅकिंग, सगळं त्यासाठी. बाहेर काढायचं काम मात्र आपण बॅटरीवर सोडतो. आपल्या घरातला गणपतीही असा उचलत नाहीत. उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून जराशी हलवतात, मग निरोप देतात. म्हणजे आलेल्याला आणायची रीत आहे, तशी पाठवायचीही रीत आहे. ज्या लोकांना आपण तंत्रज्ञान समजावून सांगायला निघालोय, त्यांच्याकडे ही समज पिढ्यान्‌पिढ्या आहे.

२०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या एका टीव्ही वाहिनीने एका आईला तिच्या वारलेल्या लहान मुलीची व्हीआरमध्ये भेट घडवली. जगभर त्यावर वाद झाला. हे करावं की करू नये? माझ्याकडे त्याचं सरळ उत्तर नाही. पण एक बघितलं, की त्या भेटीच्या शेवटी मुलगी झोपी जाते असं त्यांनी दाखवलं होतं. कुणीतरी तिथे निरोपाचा विचार केला होता. मी माझ्या आजीसाठी तेवढाही केला नव्हता.

तेव्हा माझ्या ज्युनिअर मित्रांनो, पुढच्या फेस्टला तुम्ही स्टॉल लावालच. हेडसेट आता स्वस्त होतायत, दृश्यं फुकट मिळतायत. लावा जरूर. पण तीन गोष्टी करा. १ ते ७ चा कागद बाजूला ठेवा आणि माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्या. तो काय म्हणतो ते तसंच वहीत लिहून घ्या. दुसरं, कुणी घाबरून ओरडलं तर ते आपल्या प्रोग्रामिंगचं सर्टिफिकेट समजू नका. तो फसलेला नाही, त्याचा पाय त्याच्या डोक्यापेक्षा प्रामाणिक आहे. आणि तिसरं, दृश्यातून बाहेर यायला एक दार ठेवा. आत जाण्याआधी ते दाखवा, आणि माणूस आपल्या पायाने त्यातून बाहेर येईपर्यंत हेडसेटला हात लावू नका.

दिवाळीच्या सुट्टीत आजीने स्वतःहून विचारलं, "ते घर हाय का रे अजून?" मी म्हटलं, आहे. या वेळी मी दाराबाहेर एक अंगण केलं होतं. कोपऱ्यात वाकळ ठेवावी का, हे आधी विचारलं. ती नको म्हणाली. "ती माझ्याजवळ हाय, डब्यात नको." मग आत गेली, थोडा वेळ थांबली, दारात परत वाकली, अंगणात आली आणि म्हणाली, "आता काढ."

– अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी